पाटकरी कोण होणार? केळीपट्ट्यातल्या चौदा जणांच्या खुल्या अभ्यासक्रमाचं प्रकरण

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौदा जणांनी मिळून वनस्पतिरोगांवरचा एक खुला ऑनलाइन अभ्यासक्रम केला. आठ आठवड्यांचा, फुकट, इंग्रजीतला, परराज्यातल्या एका विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी शिकवलेला. चौदापैकी नऊ जण शेवटच्या परीक्षेला बसले, आठ पास झाले. महाविद्यालयाच्या अहवालात एवढंच आहे. प्रत्यक्षात जे घडलं ते त्या रकान्यांत मावत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहून ठेवतोय. मी रावेर-यावल भागात वनस्पतिशास्त्र शिकवतो. गट मीच जमवला होता, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूकही माझ्याच हातून झाली.

गट

सहा जण आमचेच, बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे. दोघांची कृषी केंद्रं, एक सावद्याला आणि एक चोपड्याला. एक ताई यावल तालुक्यातल्या नर्सरीत टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या हार्डनिंगचं (त्यांना बाहेरच्या हवेची सवय लावण्याचं) काम बघतात. शिरपूरजवळ तापीकाठी केळी करणारे एक आबा, वय अठ्ठावन्न. साक्री तालुक्यातल्या एक जिल्हा परिषद शिक्षिका, ज्यांची घरची शेती पांझरेच्या काठी आहे. दोन तरुण शेतकरी, आणि मी.

भाषेचं सांगायला हवं, कारण पुढे त्याचाच संबंध येतो. व्हिडिओ इंग्रजीत. व्हॉट्सॲपवर लिहिणं प्रमाण मराठीत. व्हॉइस नोट मात्र ज्याच्या त्याच्या बोलीत, रावेर-यावलकडच्यांची लेवा बोली, शिरपूर-साक्रीकडच्यांची अहिराणी. जो माणूस लिहिताना दोन शब्दांत आटपायचा तोच बोलताना पाच मिनिटं थांबायचा नाही.

हाच विषय का घेतला, हे केळीपट्ट्यात कोणाला विचारावं लागत नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बागेत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात मानांकन नसतं, हरण्या असतो. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग. जून-जुलैत लावलेल्या मृगबागेत, रोप दीड-दोन महिन्यांचं असताना, ढगाळ आणि गार हवा लागली की तो दिसायला लागतो. कोवळ्या पानावर शिरांना समांतर फिकट पिवळे, तुटक पट्टे येतात, पान अरुंद होतं, कडा मुडपतात, आणि जोर वाढला की पोंगाच, म्हणजे मधली न उलगडलेली पानाची गुंडाळीच सडते. त्या झाडाला घड धरायची आशा सोडून द्यायची.

पहिले तीन आठवडे

सुरुवात मला फार छान वाटली होती. दिवसभरात गटावर चार-पाच प्रश्न यायचे, प्रत्येकाच्या सुरुवातीला ‘सर’ असायचं. रात्री जेवण झालं की मी बसून एकेकाला उत्तर द्यायचो. मग हात जोडलेले, धन्यवादाचे निरोप यायचे आणि विषय संपायचा. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. सगळ्या वाटा माझ्या दाराशी येऊन थांबत होत्या, आणि मला ते शिकवणं वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्याचा विषय विषाणूंचा प्रसार. चाचणीत एक प्रश्न होता: मावा हा कुकुंबर मोझॅक विषाणू कोणत्या प्रकारे वाहून नेतो? बरोबर पर्याय होता ‘नॉन-पर्सिस्टंट’. रात्री नऊच्या सुमारास एका विद्यार्थ्याने सगळ्या उत्तरांचा स्क्रीनशॉट गटावर टाकला. दहापर्यंत जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी. मी ते बघितलं आणि काही बोललो नाही. गुण चांगले पडत होते, कोणी गळत नव्हतं, कशाला नाराजी ओढवून घ्यायची, असं मनाशी म्हटलं. तो गप्पपणा पुढे महागात पडला.

चौथ्या आठवड्यात मला परीक्षेच्या कामासाठी नऊ दिवस बाहेरगावी जावं लागलं. दिवसभर फोन बंद.

पान

मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजायच्या आत रावेरच्या विद्यार्थिनीने गटावर एक फोटो टाकला. वडिलांच्या एक एकराच्या मृगबागेतलं रोप, तळहाताएवढं कोवळं पान, त्यावर पिवळट पट्टे. खाली लिहिलं होतं, ‘सर, हे काय आहे?’

सर नव्हते. चार मिनिटांत सावद्याच्या कृषी केंद्रवाल्या भाऊंचं उत्तर आलं: ‘झिंकची कमतरता. चिलेटेड झिंकची फवारणी घ्या.’ त्याखाली एकापाठोपाठ एक अंगठे. मी नंतर मोजले, अकरा होते. भाऊंबद्दल कोणाचा गैरसमज होऊ नये. त्यांनी माल खपवायला हे सांगितलं नव्हतं. मुलीच्या वडिलांनी झिंक त्यांच्याकडून घेतलंही नाही, गावातच घेतलं. कोवळ्या पानावर पट्टे दिसले की जस्ताची कमतरता असू शकते हे खरंच आहे, आणि त्यांनी दुकानात अशी पानं शेकड्याने बघितली आहेत. चूक उत्तरात होती त्यापेक्षा मोठी चूक उत्तर फिरण्याच्या रीतीत होती. ‘कशावरून?’ असं अकरापैकी एकानेही विचारलं नाही.

वडिलांनी फवारणी केली आणि वाट बघितली. फरक पडत नाही म्हणून आठवड्याने पुन्हा केली. पहिल्या फोटोपासून अकरा दिवस असे गेले. तेवढ्यात बागेतली रोगट रोपं तशीच उभी होती, आणि त्यांच्यावर बसणारा मावा शेजारच्या रोपांवर जात होता.

चार प्रश्न, तेही बाहेरून

या गाठीची उकल आमच्या गटातून सुरू झाली नाही. दुसऱ्या आठवड्यात अभ्यासक्रमाचं एक थेट सत्र झालं होतं. त्यात आपण कोणत्या पिकावर काम करतो ते सगळ्यांनी लिहायचं होतं. विद्यार्थिनीने ‘केळी’ लिहिलं, आणि तमिळनाडूतल्या थेनीकडच्या एका सहाध्यायानेही केळीच लिहिलं. थेनी हाही केळीचा मुलूख. तेवढ्या ओळखीवर दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले होते. बोलणं दोन-चार वाक्यांचंच, दोघांचीही इंग्रजी अडखळती.

दहाव्या दिवशी तिने तोच फोटो त्याला पाठवला. त्याने रोगाचं नाव सांगितलंच नाही. उलट चार प्रश्न विचारले. किती झाडांवर आहे? कोणत्या ओळींत? फक्त नव्या पानावर की जुन्यांवरही? बांधावर काय लावलंय?

तिला एकाचंही उत्तर देता आलं नाही. एक पान तिने नीट बघितलं होतं, बाग बघितली नव्हती.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिलं होतं की नवी माहिती आपल्याला बहुतेक वेळा जवळच्या माणसांकडून येत नाही, तोंडओळखीच्या माणसांकडून येते. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊकच असतं. आम्ही तेरा-चौदा जण एकाच पाण्यावर वाढलेले होतो, म्हणून झिंक म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. एक सैल धागा थेनीपर्यंत गेला होता, त्यातून प्रश्न आले.

नकाशा

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि तिचे वडील आलेख कागद घेऊन बागेत उतरले. पाच बाय पाच फुटांवर लावण, म्हणजे एकरात साधारण सतराशे चाळीस झाडं. एक चौकोन म्हणजे एक झाड धरलं. वडील ओळीतून चालत पोंग्याजवळची पानं उलटी-सुलटी करून बघायचे आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणायचे, मुलगी कागदावर ठिपका द्यायची. तीन तास लागले. पाऊस भुरभुरत होता, कागदाचा एक कोपरा भिजून लगदा झाला होता. तो कागद मी जपून ठेवलाय.

ठिपके निघाले एकेचाळीस. त्यातले एकोणतीस उत्तरेच्या बांधालगतच्या सहा ओळींत. उरलेले बारा आत विखुरलेले, इथे एक, तिथे एक, मध्ये चांगली हिरवीगार झाडं.

बांध शेजाऱ्याचा. त्यावर गिलक्याचा वेल चढवलेला. तिने वेलाचं एक पान उलटं केलं तर मागची बाजू माव्याने भरलेली, हिरवट-काळसर, शिरेला धरून दाटीने बसलेला. खोडावरून मुंग्यांची ये-जा चालू. खालच्या पानांवर चिकटा असा की बोट लावलं तर बोट ओढलं जावं. आणि ओळींमध्ये जागोजागी केना हे तण उगवलेलं.

हे सगळं तिने गटावर टाकलं: कागदाचा फोटो, वेलाचं पान, केना. तोवर मी परत आलो होतो. उत्तर माझ्या बोटांच्या टोकावर होतं, पण मधल्या दिवसांतले निरोप वाचून काढले होते आणि लाज वाटत होती, म्हणून थांबलो. थोड्या वेळाने सावद्याच्या भाऊंनीच लिहिलं, ‘माझं चुकलं. हा हरण्या आहे.’

त्यावर शिरपूरच्या आबांची व्हॉइस नोट आली. तीनच शब्द, शांतपणे विचारलेले: ‘तुले कसं समजनं?’

सुनावण्याचा सूर त्यात अजिबात नव्हता. आबांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि भाऊंनी सहा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली, गटातली तोवरची सगळ्यात लांब. ते म्हणाले, जस्त कमी असेल तर ते जमिनीत कमी असतं, मग त्या पट्ट्यातली सगळीच झाडं कमी-जास्त तशी दिसली पाहिजेत. इथे रोगट झाडाला लागून निरोगी झाड उभं आहे. दोघांची जमीन एकच, खत एकच, ठिबकचं पाणी एकच. शिवाय बांधाकडून दाटी आणि आत विरळ, म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतंय. बांधावर वेलवर्गीय पीक, त्यावर मावा. हे सगळं एका पानावरून कळलं नसतं, नकाशावरून कळलं.

आबांनी ती नोट दोनदा ऐकली, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. मीही दोनदा ऐकली. त्या सहा मिनिटांत जेवढं शिकवून झालं तेवढं माझ्या तीन आठवड्यांच्या उत्तरांत झालं नव्हतं.

बरोबर उत्तर, रिकामं

आता तिसऱ्या आठवड्यातला तो स्क्रीनशॉट समोर आला. मी गटाला विचारलं: मावा मारायचं औषध नियमित मारत राहिलो तर हरण्या थांबेल का? बहुतेकांनी ‘हो’ लिहिलं. एकाने तर दर चार दिवसांनी फवारणी सुचवली. याच माणसांनी दोन आठवड्यांपूर्वी ‘नॉन-पर्सिस्टंट’ या पर्यायावर खूण केली होती. त्या शब्दातच या प्रश्नाचं उत्तर होतं.

मावा रोगट झाडावर बसला, सोंड टोचून रस चाखून बघितला की काही सेकंदांत विषाणू त्याच्या सोंडेच्या टोकाला लागतो. पुढच्या झाडावर तशीच चाचपणी केली की तिथे उतरतो. पोटात जाऊन मुरण्याची भानगड नाही. मावा काही वेळातच रिकामाही होतो, पण तोवर काम झालेलं असतं. कीटकनाशकाने मावा मरतो हे खरं, पण मरण्याआधी टोचायला त्याला पुरेसा वेळ मिळतो. केळीच्याच बंची टॉप या दुसऱ्या विषाणूरोगाचं गणित वेगळं आहे. तिथे केळीवरच्या माव्याला विषाणू घ्यायला बराच वेळ रस शोषत बसावं लागतं आणि मग तो विषाणू त्याच्या अंगात टिकून राहतो. त्यामुळे फवारणीचा उपयोग तिथे जास्त. हरण्यात नुसत्या फवारणीवर विसंबलं तर बाग हातची जाते. रोगट झाड उपटणं, तण काढणं आणि वेलवर्गीय पिकं, मिरची, टोमॅटो, वांगी बागेच्या आत-जवळ न ठेवणं, ही कामं आधी. हा विषाणू हजाराहून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर राहू शकतो. केना हे त्यातलंच एक घर.

एकेचाळीस झाडं उपटायची म्हटल्यावर मुलीचे वडील दोन दिवस गप्प होते. कित्येक आठवडे हाताने जपलेलं रोप उपटून टाकणं सोपं नसतं, आणि प्रत्येक रोपाला पैसे मोजलेले असतात. शेवटी त्यांनी आधी माव्यासाठी फवारणी घेतली, म्हणजे उपटताना तो उडून शेजारच्या झाडांवर जाऊ नये. मग झाडं कंदासकट काढून खड्ड्यात गाडली, केना खुरपला, रिकाम्या जागी नवी रोपं लावून नांग्या भरल्या. पुढच्या तीन आठवड्यांत आणखी नऊ झाडं निघाली, नंतर थांबलं. पहिल्या फोटोच्या दिवशी पाच-सहा झाडं होती असं मुलीला आठवतं. अकरा दिवसांनी किती नुकसान केलं याचा नेमका हिशोब मी मांडू शकत नाही, पण पाच-सहा आणि एकेचाळीस यांतलं अंतर मला अजून टोचतं.

पाइप आणि पाणी

खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची कल्पना मुळात अशाच जाळ्यातून जन्मली होती. २००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी ‘कनेक्टिव्हिझम’वर एक वर्ग घेतला. फी भरलेले विद्यार्थी जेमतेम पंचवीस, आणि फुकट सामील झालेले सुमारे बावीसशे. ‘मूक’ (MOOC, म्हणजे प्रचंड संख्येसाठीचा खुला ऑनलाइन अभ्यासक्रम) हे नाव त्याच वर्षी, त्याच वर्गाच्या निमित्ताने डेव्ह कॉर्मिए यांनी दिलं. पुस्तक ठरलेलं नाही, केंद्र एक नाही, जो तो आपल्या जागी लिहितोय आणि एकमेकांना जोडून घेतोय. ज्ञान एका डोक्यात नसतं, जोडण्यांमध्ये पसरलेलं असतं, हे त्यांचं म्हणणं. २०११ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गाला एक लाख साठ हजारांच्या आसपास नावनोंदणी झाली, आणि तिथून खुल्या अभ्यासक्रमाचा अर्थ बदलला: एक उत्तम शिक्षक, व्हिडिओ, चाचण्या, आणि समोर लाखो एकेकटे श्रोते. आपलं ‘स्वयम’, म्हणजे केंद्र सरकारचं खुल्या अभ्यासक्रमांचं व्यासपीठ, ९ जुलै २०१७ ला सुरू झालं. त्याच्या रचनेत व्हिडिओ, वाचनसाहित्य आणि स्वयंचाचणी यांच्या बरोबरीने चर्चेला चौथा खांब मानलंय. पण खांब उभा केला म्हणून त्यावर कोणी छप्पर घालतंच असं नाही. आम्हाला ते आमच्या फोनवर, आमच्या बोलीत घालावं लागलं.

पाइपमधून काय वाहतं त्यापेक्षा पाइप महत्त्वाचा, असं सीमेन्स यांचं एक म्हणणं आहे. ते मला निम्मंच पटतं. खानदेशात ठिबक वापरणाऱ्याला पाइपचं महत्त्व सांगायला नको. पण त्याला हेही ठाऊक असतं की पाण्यात क्षार असेल तर नळी शाबूत राहूनही ड्रिपर बंद पडतात, आणि वरून बघताना सगळं ठीक दिसतं. मग आम्लप्रक्रिया करा, नळ्यांची टोकं उघडून फ्लश करा. आमचा पाइप उत्तम होता. झिंकचं उत्तर चार मिनिटांत चौदा फोनवर पोचलं होतं. त्या उत्तराला गाळणी नव्हती. आबांचा प्रश्न ही ती गाळणी.

पाटकरी

पाचव्या आठवड्याच्या शेवटी आम्ही तासभर फोनवर एकत्र बोललो. मी सांगितलं की मी नसलो की गट कोरडा पडतो आणि असलो की बाकीचे गप्प बसतात, दोन्ही वाईट. साक्रीच्या बाईंनी तेव्हा फडाचा विषय काढला.

पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत काही शतकांपासून चालत आलेली आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या (लहान पाट), आणि चाऱ्यांवर फड, म्हणजे शेतांचे पट्टे. फडात साधारण एकच पीक, पाण्याची पाळी सगळ्यांनी मिळून ठरवलेली. पाणी फिरवणारा तो पाटकरी. पाणी त्याच्या मालकीचं नाही, शेतही नाही. बारं, म्हणजे पाण्याची पाळी, कोणाचं चुकू नये, शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचावं, हे त्याचं काम. बाई म्हणाल्या, ‘सर, तुम्ही बंधारा झालात. आपल्याला पाटकरी पाहिजे. आणि तो दर आठवड्याला बदलू द्या.’

ठरलं ते असं. ज्याची पाळी असेल त्याने गटावर आलेला कुठलाही प्रश्न एका दिवसाच्या वर कोरडा राहू द्यायचा नाही, ज्याला माहीत असण्याची शक्यता आहे त्याला नावाने हाक मारायची. कारणाशिवाय आलेल्या उत्तराला आबांचा प्रश्न विचारायचा. आणि त्या आठवड्यात पाटकऱ्याने स्वतः एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांना विचित्र वाटला होता, पण सगळ्यात जास्त काम त्यानेच केलं. स्वतः उत्तर देता येत नाही म्हटल्यावर ते कोणाकडे असेल याचा शोध घ्यावा लागतो. मग कळतं की चोपड्याच्या भाऊंना जमिनीतलं जास्त समजतं, तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो छान काढतो, आबांना हवेवरून करप्याचा अंदाज येतो.

पहिले पाटकरी सावद्याचे भाऊ झाले, त्यांनीच मागून घेतलं. सातव्या आठवड्यात पाटकरी झालेल्या तरुण शेतकऱ्याला मात्र जमलं नाही. त्याच्याकडे कपाशीची फवारणी चालू होती, तीन प्रश्न तसेच सुकले. कोणी ओरडलं नाही. पुढच्या पाटकरीणबाईंनी तिन्ही प्रश्न पुन्हा वर काढले.

अभ्यासक्रम संपल्यावर मी दोन कागदांवर चौदा गोल काढले आणि कोणी कोणाला उत्तर दिलं त्याच्या रेघा ओढल्या, एकावर दुसऱ्या आठवड्याच्या आणि दुसऱ्यावर आठव्या. पहिला कागद चाकासारखा दिसतो, सगळ्या आऱ्या माझ्याकडे. दुसऱ्यावर मला शोधावं लागतं. पॉल बॅरन यांनी १९६४ साली दळणवळणाच्या जाळ्यांबद्दल हेच मांडलं होतं: मधला एक बिंदू गेला की चाक बंद पडतं, वाटलेलं जाळं बिंदू गळाला तरी चालू राहतं. माझे नऊ दिवस म्हणजे नेमकं ते.

गप्प असलेल्या ताई

यावलच्या ताईंनी पाच आठवडे गटावर एक अक्षर लिहिलं नव्हतं. चाचण्याही अर्ध्याच दिल्या होत्या. मी मनातल्या मनात त्यांना गळलेल्यांत धरलं होतं.

सहाव्या आठवड्यात पाटकरी भाऊंनी त्यांना नावाने विचारलं: टिश्यूचं रोप नर्सरीतूनच रोग घेऊन येऊ शकतं का? रात्री ताईंचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. त्या म्हणाल्या, प्रयोगशाळेतून बाटलीत येतं ते रोप तपासलेलं असतं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २००६ पासूनची प्रमाणीकरणाची व्यवस्था आहे, विषाणू तपासणीचा दाखला मागायचा तो तिथला. पण दाखला बाटलीपुरता. त्यानंतर रोप हार्डनिंगला आमच्याकडे येतं आणि आठवडेच्या आठवडे शेडमध्ये असतं. तिथे किडी अडवणाऱ्या बारीक जाळीला एक भोक पडलं, दुहेरी दरवाजातला एक उघडा राहिला, शेडभोवती केना वाढला, की दाखला कागदावर राहतो. रोपं घ्यायला येणारे गाडीतून उतरून उंची आणि पानं मोजतात. जाळी कोणी बघत नाही. जाळी बघा.

एवढं बारीक त्या कशा बोलल्या? त्यांनी सांगितलं की रोपांना पाणी देताना कानात लावून त्या प्रत्येक व्हॉइस नोट ऐकत होत्या, पहिल्या दिवसापासून. सावद्याच्या भाऊंची सहा मिनिटांची नोट त्यांनी नर्सरीतल्या बायकांनाही ऐकवली होती. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली काठावरच्या सहभागाबद्दल लिहिलं, ते मी वाचलेलं होतं: शिकणारा आधी कडेला उभा राहून बघतो आणि ते बघणंही सहभागच असतो. वाचलेलं होतं, तरी ताईंना मी गळलेल्यांत मोजलं.

त्यामुळे पास-नापासाच्या आकड्यांवर आता माझा फार भरवसा नाही. खुल्या अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्यांपैकी पूर्ण करणारे साधारण एक दशांशाच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतात. आमचे चौदातले आठ, म्हणून महाविद्यालयाने कौतुक केलं. त्या आठांत आबा नाहीत. इंग्रजी परीक्षेला ते बसलेच नाहीत. पण आज शिरपूरकडच्या तीन-चार बागांत आलेख कागदावर ठिपके पडतात ते त्यांच्यामुळे. त्या आठांत एक असाही आहे ज्याला शेवटपर्यंत स्क्रीनशॉटच पुरले.

शेजारी

एक काम राहिलंच होतं. गिलक्याचा वेल शेजाऱ्याच्या बांधावर होता आणि शेजारी आमच्या गटात नव्हता. त्याच्या दृष्टीने वेल म्हणजे घरची भाजी आणि थोडा बाजार. ‘तुमच्या वेलामुळे आमची बाग गेली’ असं जाऊन म्हटलं असतं तर दोन घरांत कायमची अढी बसली असती. मुलीचे वडील पंधरा दिवस टाळत राहिले.

शेवटी त्यांनी भिजलेला कोपरा असलेला तोच कागद खिशात घातला आणि संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. वेलाचं नाव न काढता कागद पसरला, हा बांध, ह्या ओळी, हे ठिपके. शेजाऱ्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘माझ्या बाजूला पण असं असंल का?’ दुसऱ्या दिवशी दोघं मिळून त्याच्या बागेत फिरले. तेरा झाडं निघाली. वेल त्याने आपणहून काढला, आणि पुढच्या वर्षी गिलके घरामागे, बागेपासून लांब लावायचे असं ठरवलं.

यंदा जूनमध्ये नवा गट सुरू झाला. शेजाऱ्याचा नंबर विद्यार्थिनीनेच त्यात घातला. पहिल्याच आठवड्यात त्याने पानाचा फोटो टाकला, खाली एक शब्दही नाही. पाटकरी होत्या यावलच्या ताई. त्यांनी नियमाप्रमाणे उत्तर दिलं नाही. लिहिलं, ‘काका, किती झाडं, कोणत्या ओळी? कागद आहे ना तुमच्याकडे?’